हवेचा आकडा : कोणत्या केंद्राचा?

नळाला गढूळ पाणी आले तर ते डोळ्यांना दिसते आणि आपण नगरसेवकाकडे तक्रार घेऊन जातो. हवेचे तसे नाही. महामार्गाच्या कडेला, डाळ मिलच्या मागे किंवा कचरा डेपोजवळ राहणारा माणूस खोकला हा नेहमीचाच समजून दिवस काढतो. हल्ली मोबाइलवर आपल्या शहराच्या हवेचा आकडा दिसतो, ही चांगली गोष्ट होय. परंतु तो आकडा कोणत्या ठिकाणचा, हे फार थोडे लोक पाहतात. ते कसे पाहावे, हे सोप्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आम्ही बँकेत नोकरी करतो. ‘शिल्लक ५,००० रुपये’ एवढेच कोणी सांगितले तर त्याला काही अर्थ नसतो. खाते कोणाचे, शाखा कोणती, तारीख कोणती, हे कळल्यावरच शिल्लक खरी. हवेच्या आकड्यालाही हाच नियम लागू आहे.

मोजणी कोण करते?

हवा प्रदूषणाचा कायदा १९८१ साली झाला आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९८४ पासून देशभर हवेची मोजणी सुरू केली. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते. केंद्रे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात माणूस जाऊन यंत्र चालवतो. गाळण कागदातून हवा ओढली जाते, कागदाचे आधीचे व नंतरचे वजन करून धूळ किती साचली ते काढतात. ही मोजणी आठवड्यातून दोन दिवस, २४ तासांची, म्हणजे वर्षाला १०४ वेळा व्हावी असा दंडक आहे. दुसऱ्या प्रकारचे केंद्र स्वयंचलित असते. ते अहोरात्र चालते व त्याचे आकडे लगोलग संगणकावर येतात. केंद्रीय मंडळाच्या यादीत जळगावचे प्रभात कॉलनी आणि धुळ्याचे देवपूर ही अशी स्वयंचलित केंद्रे आहेत.

मोबाइलवर दिसतो तो ‘हवा गुणवत्ता निर्देशांक’. तो २०१५ साली सुरू झाला. त्यात आठ प्रदूषकांचा विचार होतो. निदान तीन प्रदूषकांची मोजणी हवी व त्यांत एक धूलिकणांची असावीच लागते. ज्या प्रदूषकाचा आकडा सर्वांत वाईट, तोच निर्देशांक ठरतो. ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट व त्यापुढे गंभीर.

केंद्र शोधावे कसे?

केंद्रीय मंडळाचे ‘समीर’ नावाचे ॲप आहे. मंडळाच्या संकेतस्थळावरही राज्य, शहर व केंद्र अशा क्रमाने माहिती मिळते. ‘ओपन एक्यू’ ही अमेरिकेतील ना-नफा संस्था जगभरचे असे आकडे एकत्र करते. तेथे गावाचे अक्षांश-रेखांश व अंतर दिले की त्या परिघातील केंद्रे सापडतात. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांश व ७५.६ अंश पूर्व रेखांशावर आहे. आधी अक्षांश व मग रेखांश, हा क्रम सांभाळावा. उलट लिहिल्यास शोध थेट उत्तर ध्रुवाकडील समुद्रात जाऊन पडतो!

केंद्र सापडल्यावर चार गोष्टी पाहाव्यात : ते आपल्यापासून किती दूर आहे, मोजणी केव्हाची आहे, कोणत्या प्रदूषकाची आहे, आणि आकडा मोजलेला आहे की अंदाजाने काढलेला. कारण हवामानाची काही ॲप्स जेथे एकही यंत्र नाही अशा गावाचाही आकडा दाखवतात. तो उपग्रह व गणिताच्या आधारे बांधलेला अंदाज असतो. अंदाज उपयोगी असतो, पण त्याला मोजणी म्हणता येत नाही.

अंतराचे महत्त्व धुळ्याच्या उदाहरणाने पटेल. देवपूर पांझरेच्या पलीकडे, तर अवधानची औद्योगिक वसाहत शहराच्या दुसऱ्या अंगाला. देवपूरचा आकडा खोटा नाही, पण तो देवपूरच्या हवेचा आहे. अवधानजवळ राहणाऱ्या कामगाराने तो आपला समजू नये. शिरपूर तर धुळ्यापासून सुमारे ५० किलोमीटर दूर.

आकड्यावर काय अवलंबून असते?

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर झाला. हवेचे मानक सतत ओलांडणारी शहरे त्यात घेतली गेली. महाराष्ट्राच्या यादीत जळगाव आहे, धुळे नाही. अशी यादी मोजणीच्या आकड्यांवरून बनते व त्यावरून योजना आणि निधी ठरतो. म्हणजे ज्या वस्तीची, ज्या गावाची मोजणीच नाही, त्याचे दुःख कोणत्याच कागदावर येत नाही. खातेच उघडलेले नसेल तर रक्कम जमा होणार कोठे?

म्हणून ‘आमच्याकडे केंद्र नाही’ याचा अर्थ ‘आमची हवा शुद्ध आहे’ असा कोणी लावू नये. त्याचा अर्थ ‘आमची हवा मोजलेली नाही’ एवढाच होतो.

यात वस्तीतील शिकल्या-सवरलेल्या तरुण-तरुणींना पुष्कळ करता येईल. जवळच्या केंद्राचा आकडा रोज एका वहीत तारीख-वेळेसह लिहावा. केंद्र बंद असेल तर तीही नोंद करावी. आपल्या भागात मोजणी झाली आहे काय, हे माहिती अधिकार कायदा २००५ खाली १० रुपयांचा अर्ज करून प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारता येते. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. लेखी प्रश्नाची नोंद होते आणि ती नोंद हाती धरूनच पुढची मागणी करता येते. आपली मुले रोज कोणती हवा घेतात, हे जाणून घेण्याचा हक्क आपला आहे. तो मागितल्याशिवाय मिळणार नाही.