माळावरच्या तिरचिमण्यांची ओळख

देवनहळ्ळीच्या परिसरात, विमानतळाच्या आसपास अजून मोकळ्या राहिलेल्या माळांवर आणि नाचणीची कापणी होऊन धसकटे उरलेल्या शेतांत, हिवाळ्यात मातकट रंगाच्या आणि छातीवर बारीक रेघा असलेल्या तिरचिमण्या तुरुतुरु चालताना दिसतात. त्यांपैकी धान तिरचिमणी बारमाही रहिवासी आहे, तर रिचर्डची आणि ब्लाइथची तिरचिमणी या दोन जाती सायबेरिया-मंगोलियाकडच्या गवताळ प्रदेशांत वीण करून थंडीत दक्षिणेकडे येतात. रिचर्डची सर्वांत मोठी, सुमारे १८ सेंटिमीटर लांब असते. परंतु एकट्या पक्ष्याच्या बाबतीत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक नजरेला कळत नाही, आणि खरी अडचण ब्लाइथची ओळखताना येते.

ब्लाइथच्या तिरचिमणीची शेपटी रिचर्डच्या तिरचिमणीपेक्षा आखूड, चोच लहान व टोकदार, आणि मागच्या बोटाचे नख कमी लांब व अधिक वळलेले असते. मात्र गवतात पाय दिसणे दुर्मीळच. म्हणून निरीक्षकाची नजर पंखाच्या मधल्या आच्छादक पिसांवर, म्हणजे मिटलेल्या पंखावर खांद्याच्या खाली ओळीने बसलेल्या छोट्या पिसांवर, स्थिरावते. प्रौढ ब्लाइथच्या तिरचिमणीत या पिसांचा गडद मध्यभाग चौकोनी व रेखीव असून त्याला फिकट कड असते, तर रिचर्डच्या तिरचिमणीत तोच भाग टोकाकडे निमुळता होत कडेच्या रंगात विरघळतो. ही खूण मोलाची असली तरी ती आंधळेपणाने वापरता येत नाही, कारण पहिल्या हिवाळ्यातील पक्ष्याच्या अंगावर बालवयातील काही पिसे टिकून असतात आणि त्यांचा मध्यभाग दोन्ही जातींत टोकदारच असतो. त्यामुळे पीस जुने की नवे हे ठरवल्याशिवाय त्याच्या आकाराला अर्थ येत नाही. चांगले छायाचित्र येथे फार उपयोगी पडते, कारण प्रत्येक पीस सवडीने पाहता येते.

त्याहून भरवशाचा आवाज. पक्षी उडताना रिचर्डची तिरचिमणी मोठ्या, खरखरीत स्वरात ओरडते, ब्लाइथच्या तिरचिमणीचा स्वर त्याहून मऊ असून शेवटी उतरतो आणि मध्ये एखादी तुटक ‘चेप’ ऐकू येते, तर धान तिरचिमणी बारीक ‘चिप-चिप’ करते. आवाज कानी पडला नाही आणि पिसेही नीट दिसली नाहीत, तर नोंदवहीत जातीचे नाव न घालता नुसते ‘तिरचिमणी’ असे लिहिणेच शास्त्राला धरून आहे.