सीएचरूटमध्ये हरवणारे लॉग

थळसारख्या किनाऱ्यावरच्या गावात भर पावसाळ्यात जुन्या संगणकावर लिनक्स टाकायला बसलात, तर वीज मधेच जाण्याची तयारी ठेवावी लागते. अर्धवट राहिलेलं काम नेमकं कुठे अडलं, हे फक्त लॉग सांगतो. म्हणून त्याबद्दलचे काही पक्के गैरसमज दूर व्हायला हवेत.

इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून चालतो, नवी सिस्टिम डिस्कवर उतरवतो आणि सीएचरूट वापरून तिच्याच फोल्डरला मूळ मानून आतली कामं उरकतो. या टप्प्यावर 'एकही तक्रार आली नाही, म्हणजे सगळं नीट झालं' असं बहुतेकांना वाटतं. हा सर्वांत घातक समज. प्रोग्राम आपला संदेश '/डेव्ह/लॉग' या सॉकेटवाटे सिसलॉग या नोंदी ठेवणाऱ्या सेवेकडे पाठवतो. सीएचरूटमध्ये हा पत्ता आतल्याच फोल्डरात शोधला जातो. तिथे सॉकेट नसेल तर संदेश बहुधा गुपचूप नाहीसा होतो; सिसलॉगचं फंक्शन अपयश कळवतच नाही.

यावर 'डेव्ह फोल्डर आत बाइंड माउंट केला की झालं' असं सांगितलं जातं. पूर्वी तेवढं पुरायचं. सेवा सांभाळणारी सिस्टिमडी असलेल्या लिनक्सवर मात्र '/डेव्ह/लॉग' ही नुसती सिमलिंक असते आणि खरं सॉकेट '/रन' मध्ये असतं. त्यामुळे '/रन'ही आत माउंट करावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे बाहेरच्या आरसिसलॉगला (सिसलॉगचाच एक प्रकार) सीएचरूटच्या आत एक जादा सॉकेट उघडायला सांगणं. सिस्टिमडी नसलेल्या ठिकाणी मला हाच अधिक स्वच्छ वाटतो.

आतच दुसरा सिसलॉग सुरू करणं मात्र टाळा. डेव्ह सामायिक असेल तर तो बाहेरच्याचं सॉकेट बळकावतो, शिवाय फाइली उघड्या धरून ठेवल्यामुळे शेवटी डिस्क अनमाउंट होत नाही. आत सेवा सुरू होऊ नयेत म्हणून डेबियनमध्ये 'पॉलिसी-आरसी.डी' ही स्क्रिप्ट ठेवून तिच्याकडून 101 हा कोड परत करवतात.

सीएचरूट म्हणजे वेगळं यंत्र, हाही भ्रमच. 1979च्या सुमारास युनिक्समध्ये आलेली ही सोय फक्त फाइलींचा मार्ग बदलते. कर्नल एकच राहतो, म्हणून आत 'डीमेसेज' चालवलं तरी बाहेरचेच संदेश दिसतात.

इन्स्टॉलरचे लॉग आपोआप टिकतात, हेही अर्धसत्य आहे. डेबियनचा इन्स्टॉलर ते '/व्हार/लॉग/इन्स्टॉलर' मध्ये उतरवतो, पण अगदी शेवटी. तोवर ते रॅममध्येच असतात आणि वीज गेली की जातात. पॅकेजं बसवणारी डीपीकेजी आणि एपीटी ही साधनं मात्र आपल्या नोंदी थेट नव्या डिस्कवरच्या फाइलींत लिहितात, त्यामुळे काम मधेच तुटलं तर आधी त्या पाहा.

आणि काम मोठं असेल, तर प्रत्येक टप्प्यानंतर रॅममधला लॉग स्वतःच डिस्कवर कॉपी करत चला.