उपस्थात्याची नेमणूक व सेवासमाप्ती : व्यवहार आणि कायदा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले. उपस्थाता, म्हणजे परिचारक, हा त्यांतील एक. त्याचे गुण आपण विद्यार्थीदशेत पाठ केले. मात्र त्याची नेमणूक कशी करावी व त्यास निरोप कसा द्यावा, हे आपणांस कोणी शिकविले नाही. या अज्ञानातून आमच्याकडून एक अन्याय घडला.

काही वर्षांपूर्वी आमचा कंपाउंडर होळीसाठी अक्कलकुवा तालुक्यातील आपल्या गावी गेला, तो तीन आठवडे परतला नाही. आम्ही दुसरा माणूस ठेवला. घरच्या आजारपणामुळे अडकलेला तो परत आला, तेव्हा सहा वर्षे पुड्या बांधणाऱ्या त्या माणसास आम्ही दारातूनच ‘आता जागा नाही’ असे सांगितले. नेमणूकपत्र नव्हते, सूचना नव्हती, हिशेबही नव्हता. ही चूक कायद्याचीही होती, हे एका वकील स्नेह्यांमुळे पुढे उमगले.

गैरहजेरीने नोकरी आपोआप संपत नाही. एल. रॉबर्ट डिसूझा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली अशा कारणाने पटावरून नाव काढणे ही कामगारकपातच ठरविली. कपातीचे नियम पूर्वी औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे. मूळ सूत्र तेच राहिले. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगारास कारणांसह एक महिन्याची लेखी सूचना अथवा तेवढे वेतन, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असल्यास ती सेवा एक वर्षाची मानली जाते. गैरवर्तनाचा प्रश्न असल्यास लेखी आरोप, बाजू मांडण्याची संधी व चौकशी हा क्रम पाळावा.

नोकरी सुटली, सोडली वा काढले, तरी वेतन संहिता, २०१९ नुसार थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते.

साहाय्यक वैद्यांच्या करारात ‘नोकरी सोडल्यावर शहाद्यात दोन वर्षे व्यवसाय करणार नाही’ असे कलम आढळते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मुळे असे बंधन निरर्थक ठरते. मात्र कराराची मुदत चालू असताना प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यास मनाई करता येते. कल्याणच्या कारखान्यातून उद्भवलेल्या निरंजन शंकर गोलिकरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली हे मान्य केले. म्हणून मुदत व सूचनेचा काळ करारात स्पष्ट लिहावा. मूळ पदवीपत्रे अडकवून ठेवू नयेत.

औषधविक्रेत्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. परवान्यावर दाखविलेला नोंदणीकृत औषधनिर्माता बदलल्यास तो बदल एक महिन्याच्या आत परवाना प्राधिकाऱ्यास कळवावा लागतो. त्यामुळे त्याच्या राजीनाम्याची तारीख लेखी असणे दोघांच्याही हिताचे आहे. तारीख नसेल, तर तो गेल्यानंतरही दुकानाच्या कामाशी त्याचे नाव जोडलेले राहते.

नेमणूकपत्रास एक पान पुरते. त्यावर पद, रुजू होण्याची तारीख, वेतन, कामाचे तास, रजा, सूचनेचा काळ व उभयतांच्या स्वाक्षऱ्या असाव्यात. एक प्रत कर्मचाऱ्यास द्यावी. होळी-दिवाळीची रजा आधीच लिहून ठेवावी. आपल्या जिल्ह्यात ती टळणारी नाही.

त्या कंपाउंडरचा हिशेब आम्ही उशिरा, त्याच्या गावी जाऊन चुकता केला. पैसे घेताना त्याने आमच्या नव्या माणसाला पुड्या नीट बांधता येतात का, एवढेच विचारले.