हातातली सूरपेटी आणि हातातला हुनर

आमचा धंदा कापडाचा. आयसी आणि सोल्डरिंगच्या विषयावर आम्ही लिहावे, याचे काही वाचक बंधूंना नवल वाटेल. पण कापडवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. थान तेच असले तरी शिवणारा हात बदलला की वस्तूची किंमत बदलते. आज सांगायचे आहे ते हेच, फक्त कापडाच्या जागी जुनी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आहेत.

आमच्या देवळाली प्रवऱ्यात, तसेच राहुरी-श्रीरामपुराकडे, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत आपली पुष्कळ मुले बसतात. हात साफ, नजर बारीक. पण काम काय? काच बदलणे, बॅटरी बदलणे, चार्जिंगची पिन बसवणे. फोन जुना झाला की गिऱ्हाईक दुरुस्तीऐवजी नवाच घेतो. मग एवढा शिकलेला हात आणखी कुठे लावता येईल, हा विचार आतापासून केला पाहिजे. त्यातली एक वाट म्हणजे हातात मावणाऱ्या सूरपेट्यांची.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1989 मध्ये गेम बॉय नावाचे खेळाचे यंत्र बाजारात आणले. चार पेन्सिल सेलवर चालणारे हे यंत्र, पुढच्या रंगीत नमुन्यासह, 11 कोटींहून अधिक विकले गेले. त्याच्या आयसीत आवाजाच्या चार वाटा आहेत. दोन चौकोनी लहरींच्या, एक आपल्याला हवा तसा लहरीचा आकार भरण्याची, आणि चौथी खरखरीची, जिच्यातून ताशा-झांजेसारखा ठेका निघतो. 1998 मध्ये जर्मनीच्या ऑलिव्हर विटचो यांनी नॅनोलूप, तर 2000 मध्ये स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी एलएसडीजे हा प्रोग्रॅम तयार केला. तेव्हापासून हे खेळणे वाद्य झाले. युरोप, अमेरिका, जपानात कलाकार त्यावर मैफली करतात.

इथेच कारागिराचे काम सुरू होते. या यंत्राच्या हेडफोनच्या वाटेत जो छोटा अ‍ॅम्प्लिफायर आहे, तो आवाजात खरखर मिसळतो. म्हणून आवाजाच्या बटणापाशीच, अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, तारा काढून वेगळा जॅक बसवतात. पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. त्यासाठी काचेमागचा चंदेरी थर जपून सोलून तिथे उजेडाची पट्टी सरकवतात. जुने कपॅसिटर बदलतात, बटणांचे रबर नवे घालतात. मोबाईलची काच बदलणाऱ्या मुलाला यातले कुठलेही काम परके नाही.

जुना माल भंगार समजू नये, याचा दाखला मुंबईचाच आहे. रोलँड कंपनीचे टीबी-303 हे यंत्र खपले नाही, म्हणून 1984 मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. पण त्याआधीच, 1982 मध्ये, मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी त्यावर आणि त्याच कंपनीच्या इतर यंत्रांवर दहा रागांची तबकडी काढली होती. ती तेव्हा विशेष चालली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. दरम्यान ते न खपलेले यंत्र जुन्या बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाला जाऊ लागले होते.

नवी पेटी स्वतः बनवायची असेल तर सुरुवात स्वस्तात होते. 40106 नावाची आयसी काही रुपयांत मिळते. तिच्यात सहा एकसारखे भाग असतात. एका भागाला एक रेझिस्टन्स आणि एक कपॅसिटर जोडला की एक सूर निघतो, म्हणजे एका आयसीत सहा सूर. रेझिस्टन्स कमी केला की सूर चढतो. त्या जागी उजेडावर बदलणारा रेझिस्टन्स लावला, तर वरून हात फिरवून सूर हलवता येतो. सूर एकत्र करताना प्रत्येकाच्या वाटेत वेगळा रेझिस्टन्स घालावा, आणि न वापरलेल्या भागांची इनपुट पिन ग्राउंडला जोडावी. स्पीकरसाठी एलएम386 पुरते. सगळे काम बॅटरीवरच करावे. भिंतीतल्या विजेवर चालणारे यंत्र उघडून प्रयोग करू नयेत, जिवावर बेतते.

आता मिरजेकडे पाहू. तिथले शिकलगार हत्यारांना धार लावीत. 19 व्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांचे काम हाती घेतले, आणि पोलादावर बसलेला हात लाकूड-भोपळ्यावर बसवला. त्या घराण्यांची वाद्ये देशभर गेली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण 1979 मध्ये बंगळूरचे जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला होता. प्रवासात आणि रियाजाला कलाकार ती छोटी पेटी नेऊ लागले. पुढे तोच तंबोरा मोबाईलमध्येही आला. हस्तकलेपुढची ही अडचण खरी आहे, मानांकनाने ती आपोआप सुटत नाही. मात्र शिकलगारांनी एकदा जे केले ते आजही करता येते. हत्यार बदलले तरी हात तोच राहतो.

व्यापारी म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. सूरपेट्यांचे गिऱ्हाईक थोडे आहे, आणि बरेचसे परदेशात आहे. म्हणून कर्ज काढून यात उडी घेऊ नये. चालू दुकानाच्या जोडीने, फावल्या वेळात हात बसवावा. आधी गावातलेच काम धरावे. लग्नसराईत बँडवाल्यांच्या कीबोर्डची बटणे बसतात, भजनी मंडळांच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची बॅटरी जाते, बँजोचा पिकअप बिघडतो. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, आपल्याकडे त्याला कॅसिओच म्हणतात, आणि तो दुरुस्त करणारा माणूस शोधत लोक शहरापर्यंत जातात.

भाव ठरवताना सामानाबरोबर वेळ, वाया गेलेला नग आणि टपालखर्चही धरावा. आपल्या पेटीवर दुसऱ्या कंपनीचे नाव किंवा चिन्ह छापू नये. दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकू नये. काय बदलले ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. कापडात गजाचे माप चोख ठेवले की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवाळी-ईदलाही त्याच पेढीची पायरी चढते. परदेशातल्या न पाहिलेल्या गिऱ्हाइकाशी तर एवढाच काय तो परिचय असतो.

ज्यांच्या घरात सोल्डरिंग जाणणारा मुलगा आहे, त्यांनी त्याला एक 40106 आणि एक जुना स्पीकर आणून द्यावा. खर्च एका वेळच्या नाश्त्याएवढा. पहिला सूर निघाला, तर पुढची वाट तो स्वतः शोधील.