दिवाळीचा किल्ला : माती, मावळे आणि आपला देवगड

मागच्या दिवाळीत आपल्या एका सभासदांचा नातू परदेशातून सुट्टीला आला होता. त्याच्या बॅगेत एक खोका होता आणि खोक्यात बोटाच्या एका पेराएवढे करड्या प्लास्टिकचे सैनिक. कुणाच्या हातात परशू, कुणाला शिंगे, एक तर चक्क पंखांचा राक्षस. हे सैनिक स्वतः रंगवायचे, त्यांच्यासाठी डोंगर, पूल, पडके वाडे स्वतः बनवायचे आणि मग टेबलावर दोघांनी फासे टाकून लढाई खेळायची, असा तो खेळ. आम्ही चार-पाच जण अंगणात पोरांबरोबर किल्ला करत होतो. तो आला, पाच मिनिटे पाहत उभा राहिला आणि आजोबांना म्हणाला, "आबा, तुम्ही तर टेरेन बनवता आहात!" टेरेन म्हणजे खेळासाठी केलेली जमीन, डोंगरदऱ्या. त्यानंतरचे चार दिवस तो अंगणातून हलला नाही. त्याने आम्हाला रंगवण्याच्या युक्त्या शिकवल्या, आम्ही त्याला माती कालवायला शिकवली. त्या चार दिवसांत जे जमले आणि जे फसले, ते सर्व सभासद कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

खेळ जुना, रूप नवे

पटावर सैन्य मांडून लढण्याचा खेळ आपल्याकडे चतुरंगापासून आहे. बुद्धिबळ त्यातूनच आले. युरोपात प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर ठोकळे आणि फासे घेऊन खेळायचा युद्धखेळ दिला आणि त्यावर लष्करी अधिकाऱ्यांचे शिक्षण होऊ लागले. पुढे एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम घरोघरी नेले. राक्षस, जादूगार आणि काल्पनिक राज्ये त्यात बरीच नंतर आली. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ चा आणि 'वॉरहॅमर' १९८३ चा. आज तो मोठा छंद आहे आणि त्यातले सैनिक चांगलेच महाग असतात.

आपल्या मुलांना यातले निम्मे काम आधीच येते. दगड, माती, बारदाना घेऊन डोंगर करणे, त्यावर बुरूज आणि तट चढवणे, मावळे मांडणे हे दिवाळीच्या किल्ल्यात असतेच. राहिले ते रंगकाम आणि खेळ.

आपल्या मातीचा स्वभाव

पुस्तकात किंवा व्हिडिओत दाखवतात तो किल्ला बहुधा पुण्याकडच्या लाल मातीचा असतो. पांढुर्णा-सौंसरची कपाशीची काळी माती वेगळी आहे. ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. पहिल्या वर्षी आम्ही नुसत्या काळ्या मातीचा बुरूज केला. तिसऱ्या दिवशी त्याला बोटभर भेगा पडल्या आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो आरतीच्या आधीच खाली बसला. पोरे रडकुंडीला आली.

आता आम्ही असे मिश्रण करतो : दोन घमेली चाळलेली काळी माती, एक घमेले बारीक मुरूम, अर्धे घमेले कुटार आणि थोडे शेण. मुरमामुळे आकसणे कमी होते आणि कुटाराचे धागे भेग वाढू देत नाहीत. जुन्या लोकांनी भिंती आणि कोठ्या लिंपताना मातीत कुटार घातले ते याच कारणाने. मिश्रण रात्रभर मुरू द्यावे. एकदम जाड थर देऊ नये. अर्ध्या इंचाचा थर द्यावा, तो वाळू द्यावा आणि मग दुसरा.

आतला सांगाडा पोकळ ठेवावा. संत्र्याच्या रिकाम्या पेट्या यासाठी उत्तम. एक पेटी आडवी, तिच्यावर दुसरी तिरकी, कडेला विटांचे तुकडे. आपल्याकडे दगड म्हटले की पोळ्याची कर आणि जाम नदीवरची गोटमार आठवते, पण येथे दगड फक्त पायथ्याला लावायचे आहेत. सांगाड्यावर मातीच्या पातळ चिखलात बुडवलेला बारदाना पसरावा. त्याच्या घड्या आपोआप कडेकपारी होतात. त्या हाताने सरळ करू नयेत.

गवतासाठी मोहरी किंवा हळीव पेरतात. हिरवळ दिसायला पाच-सहा दिवस लागतात, म्हणून वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी पेरावे आणि पाणी शिंपडून द्यावे, ओतू नये. तटाच्या अगदी लगत पेरू नये, ओलीने तट सुटतो.

थर्माकोलचे बुरूज करणार असाल तर एक सूचना. त्यावर स्प्रेचा रंग थेट मारला की थर्माकोल विरघळतो. आमचा एक महादरवाजा असा डोळ्यांदेखत वितळला. आधी फेव्हिकॉल आणि पाण्याचे दोन हात द्यावेत, वाळू द्यावे आणि मग ब्रशने पाण्यातला रंग लावावा.

मापाचा हिशेब

बाजारचा मावळा साधारण तीन इंचांचा असतो. साडेपाच फुटी माणूस तीन इंचांत बसवला, म्हणजे आपण जग २२ पट लहान केले. त्या हिशेबाने २२ फुटी तट १२ इंचांचा हवा. मुलांचा तट असतो चार इंचांचा, म्हणजे मावळ्याच्या डोक्यापेक्षा जेमतेम इंचभर उंच. आणि रायगडाची समुद्रसपाटीपासूनची सुमारे २,७०० फूट उंची याच मापात करायची तर आपल्याला सव्वाशे फुटांचा डोंगर लागेल!

यावर दोन उपाय आहेत. पहिला, मावळे लहान घ्यावेत. त्या नातवाचे सैनिक २८ मिलिमीटरचे, म्हणजे इंचाहून थोडे मोठे होते. ते माप सुमारे ६० पट लहान. मग २२ फुटी तट साडेचार इंचांत बसतो आणि चार फुटांच्या जागेत किल्ला खराच मोठा वाटतो. दुसरा उपाय नजरेला फसवण्याचा. पायथ्याला तीन इंची मावळे, मधल्या वाटेवर दीड इंची आणि बालेकिल्ल्यावर इंचभर. समोरून पाहिले की डोंगर दुप्पट उंच दिसतो.

लहान मावळे विकत मिळत नसतील तर घरी करावेत. बारीक तारेचा माणूस वळावा, त्यावर शाडू माती चढवावी. खराट्याच्या काडीचा भाला, सदऱ्याच्या बटणाची ढाल आणि अगरबत्तीच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाची तलवार. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करणारे सुतार आपल्याकडे आहेत. त्यांच्याकडे पडलेल्या लाकडाच्या कपच्यांतून किल्ल्याची दारे सुरेख होतात.

मावळा कसा रंगवावा

बाजारच्या मावळ्यांना चेहऱ्यापासून पायापर्यंत एकच रंग फासलेला असतो. तो उतरवून नव्याने रंगवला तर तोच मावळा ओळखू येत नाही. क्रम असा :

१. मावळा बाटलीच्या झाकणावर दुहेरी चिकटपट्टीने बसवावा. झाकण हातात धरायचे, मावळ्याला बोट लावायचे नाही.

२. पांढऱ्या किंवा करड्या रंगाचा एक पातळ हात द्यावा. त्यावर पुढचे रंग नीट धरतात.

३. मुख्य रंग भरावेत : अंगरखा, पागोटे, कातडी, जोडे. रंग दुधासारखा पातळ असावा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे.

४. गडद तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून ते पाणी पूर्ण मावळ्यावर सोडावे. ते चुण्यांत आणि खाचांत उतरते आणि सावल्या तयार होतात. येथे मुलांना वाटते की मावळा बिघडला. धीर धरावा.

५. वाळल्यावर कोरड्या ब्रशला फिकट रंग घ्यावा, तो फडक्यावर जवळजवळ पुसून टाकावा आणि उरलेला ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. कडा उजळतात. डोंगराचे खडक आणि तटाचे दगडही असेच रंगवावेत : आधी काळपट, मग करडे, शेवटी कोरड्या ब्रशने फिकट.

६. डोळे शेवटी. ब्रशने नको, टाचणीच्या टोकाने एकेक ठिपका.

एका मावळ्याला तासभर लागतो. तेरा वर्षांची एक मुलगी चार दिवस रोज दुपारी एकेक मावळा घेऊन बसली. तिच्या आईने आम्हाला विचारले, "काका, हिला तुम्ही गप्प बसवलं तरी कसं?"

किल्ल्यावर खेळ

किल्ला झाल्यावर मुले त्याच्याकडे पाहत बसतात आणि दुसऱ्या दिवशी त्यात फटाके लावतात. त्याऐवजी खेळ द्यावा. आम्ही ठरवलेले नियम साधे आहेत. दोन बाजू, प्रत्येकी दहा मावळे, सहा इंचांची एक काडी आणि एक फासा. सपाटीवर मावळा एका डावात एक काडी चालतो, चढावर अर्धी. दोन काड्यांच्या अंतरापर्यंत बाण मारता येतो. समोरचा उघड्यावर असेल तर फाशावर ४, ५ किंवा ६ पडल्यास तो बाद. तटाआड असेल तर फक्त ६ पडल्यास बाद. हल्ला करणाऱ्यांनी दहा डावांत एक तरी मावळा बालेकिल्ल्यात पोहोचवायचा.

उघड्यावर सहांत तीन आणि तटाआड सहांत एक, म्हणजे तटाआडचा मावळा तिप्पट सुरक्षित. हे गणित फळ्यावर सांगितले असते तर कुणी ऐकले नसते. दोन डाव हरल्यावर पोरे आपणहून विचारू लागली की दरवाजा वळणाआड का असतो, चोरदरवाजा कशाला, पाण्याचे टाके वरच का.

प्रत्येक उत्तराबरोबर एक शब्द येत होता : बुरूज, माची, दिंडी, जंग्या, पागा, सदर. आपली बहुतेक मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण ती स्वयंपाकघरापुरती आणि देवघरापुरती. "जंग्या म्हणजे तटातले तिरपे भोक, त्यातून बाहेर मारता येते, बाहेरच्याला आत मारता येत नाही" हे ज्या मुलाने काडीने स्वतः भोक पाडून पाहिले, तो शब्द विसरणार नाही. मंडळाने व्याख्याने पुष्कळ ठेवली, पण एवढे मराठी शब्द चार दिवसांत मुलांच्या तोंडी बसलेले आम्ही पाहिले नव्हते.

यंदा देवगड का

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. रायगड, राजगड, प्रतापगड मुले करतीलच, करावेतच. पण मागच्या वर्षी एका लहानग्याने विचारले, "आपल्याकडे किल्ला नाही का?" आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले.

आहे. छिंदवाडा जिल्ह्यात मोहखेडजवळचा देवगड. जंगलाने वेढलेल्या डोंगरावरचा हा गोंड राजांचा किल्ला. राजा जाटबाचे नाव अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'तही येते. याच घराण्यातल्या बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. ज्या नागपूरला आपण लग्नाचा बस्ता बांधायला आणि दवाखान्यात जातो, ते देवगडच्या राजाचे गाव. पुढे चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसांत तंटा झाला, रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले गेले आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सत्ता भोसल्यांकडे गेली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. आपली मराठी या सगळ्या घडामोडींतून येथे टिकली आहे.

देवगड करायचा तर आज दिसणारा नगारखाना, महालाचे अवशेष आणि मोतीटाका हे पाण्याचे टाके दाखवावे. टाक्यासाठी वाटी पुरून कडेने माती लिंपावी. उतारावर बावड्या कराव्यात. देवगडला आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या अशी लोकांत म्हण आहे.

तेथे मावळे कोणते उभे करायचे, यावर आमच्यात वाद झाला. खोक्यातले भगवे मावळे तसेच ठेवावेत असे काहींचे म्हणणे होते. शेवटी ठरले की जाटबाच्या गडावर जाटबाचे लोक हवेत. मग धोतर, साधे पागोटे आणि धनुष्य घेतलेले वेगळे शिपाई करायचे ठरले. भोसल्यांचे मावळे पायथ्याशी येतील, कारण ते तेथे नंतरच आले. आपल्या शेजारी राहणाऱ्या गोंड कुटुंबांतली मुले हा किल्ला पाहायला येतील तेव्हा त्यांनाही आपले पूर्वज वर उभे दिसावेत. शक्य झाले तर त्यांनीच ते रंगवावेत.

दिवाळीआधीच्या रविवारी एकदा सगळ्यांनी मिळून देवगड पाहून यावा, पोरांनी वहीत नकाशा काढावा आणि मग माती कालवायला घ्यावी, असा विचार आहे. येताना प्रत्येक घराने एक रिकामी संत्र्याची पेटी आणि जुना बारदाना आणावा. तुळशीच्या लग्नानंतर किल्ल्याची माती परसातल्या झाडांना घालू. रंगवलेले शिपाई मात्र कापसात गुंडाळून, खोक्यावर मुलाचे नाव आणि वर्ष लिहून मंडळाच्या कपाटात ठेवू. पुढच्या वर्षी ते पुन्हा गडावर चढतील.