कोल्हा मारल्यावर वावरात काय होतं

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके ऑक्टोबर 2023मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन नव्या जिल्ह्यात गेले. इथल्या कोल्ह्याच्या वाटा मात्र जुन्याच आहेत. दिवस मावळला की तो नाल्यातल्या झुडपांतून निघतो, पांधणीने वर येतो आणि पऱ्हाटी-तुरीच्या धुऱ्याने चालत संत्र्याच्या बगीच्यापर्यंत जातो. धुऱ्यावर उंदरांची बिळं असतात, बोरीखाली पडलेली बोरं असतात, गावाबाहेर टाकलेलं मेलेलं ढोर असतं. नर-मादी जोडीने राहतात, विष्ठेच्या खुणांनी आपली हद्द आखतात आणि त्याच त्या वाटा वापरतात. खोकड कोल्ह्याहून पुष्कळ लहान, दोन-तीन किलोचं. ते उघड्या बरड माळावर बीळ करून राहतं आणि उंदीर, टोळ, सरडे यांवर जगतं.

शिकार करणारा याच ठरलेल्या वाटांचा फायदा घेतो. कुंपणाच्या फटीत तारेचा फास टांगलेला असतो. जनावर पुढे रेटतं आणि तार आवळत जाते. मान सापडली तर ते गुदमरतं. कंबर किंवा पाय सापडला तर रात्रभर ओढाताण चालते आणि तार मांसात रुतत जाते. हा मृत्यू फार क्रूर आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. शिवाय फास जनावर निवडत नाही. कोल्ह्यासाठी लावलेल्या तारेत खोकड, ससा, गावचं कुत्रं, कधी बिबटही अडकतो. तार तोडून निसटलेला जखमी कोल्हा धावून उंदीर धरू शकत नाही, मग तो सोपं खाणं शोधत गोठ्याकडे आणि खुराड्याकडे वळण्याचा संभव वाढतो.

विषाचं याहून वाईट. मेलेल्या ढोरावर कीटकनाशक टाकलं की ते कोल्ह्यापुरतं राहत नाही. कावळे, घारी, गिधाडं, राखणीची कुत्री, त्या मांसाला तोंड लावेल तो मरतो. आणि रोही-रानडुकरांसाठी रात्री तारेत सोडलेल्या करंटने कोल्हे तर मरतातच, पण अंधारात पाणी द्यायला निघालेली माणसंही मरतात.

एवढं करून कोल्हे कमी होतात का? जोडी मारली की तिची हद्द मोकळी होते. आईबापांपासून वेगळे झालेले तरुण कोल्हे अशीच रिकामी जागा शोधत असतात. कोल्ही साधारण दोन महिने गाभण राहते, एका वेताला बहुधा तीन ते पाच पिल्लं देते, आणि मागच्या वेताची पिल्लं कधी कधी थांबून धाकट्यांना सांभाळतात. म्हणजे मेलेल्याची जागा भरून निघायला फार वेळ लागत नाही. आधीची जोडी दुसऱ्यांना हद्दीत शिरू देत नव्हती. ती गेली की तो अटकावही जातो. उकिरड्यावर कोंबड्यांची घाण तशीच पडत राहिली, तर नवे कोल्हे तिच्याच वासाने येणार. मधल्या काळात हरभऱ्यातले आणि भुईमुगातले उंदीर मोकळे सुटतात.

कायद्याने या प्राण्यांकडे पाहायची दृष्टी पन्नास वर्षांत पार बदलली. 1972च्या मूळ वन्यजीव संरक्षण कायद्यात कोल्हा आणि खोकड कावळा-उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते. पुढे ते त्यातून निघाले आणि 2022च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023पासून लागू झाली, वाघ असलेल्या अनुसूची 1मध्ये आले. आता शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान 25,000 रुपये दंड. फास लावणं, विष ठेवणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. मारायची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक असेल किंवा बरा न होण्याइतका आजारी वा अपंग असेल तरच. सरपंचाच्या तोंडी होकाराला काही अर्थ नाही. आणि जत्रेत ‘कोल्ह्याचं शिंग’ विकणाऱ्याच्या नादी कुणी लागू नये. कोल्ह्याला शिंग नसतं, पण त्या नावाने कोल्हे खरंच मारले जातात.

कोंबडी गेली तर आधी माती पाहावी. कोल्ह्याच्या पंजातल्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला जोडलेल्या असतात. कुत्र्याच्या सुट्या असतात. मऊ ओल्या मातीत हा फरक ओळखता येतो, आणि बरेचदा चोर गावचंच कुत्रं निघतं. खुराड्याची जाळी जमिनीपाशी संपवू नये. हातभर बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली पुरावी, कारण कोल्हा भिंतीलगत उकरतो. दार ढकलून उघडणार नाही अशी कडी लावावी. मेलेल्या कोंबड्या खोल पुराव्यात. शेळीची पिल्लं रात्री बंद गोठ्यात ठेवावीत.

दिवसाढवळ्या माणसावर धावणारा, लाळ गाळणारा, अडखळत चालणारा कोल्हा रेबीजचा असू शकतो. त्याच्या मागे काठ्या घेऊन जाऊ नये, वनरक्षकाला फोन करावा. चावा बसलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीसोबत रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते डॉक्टरांना आवर्जून विचारावं.