घरातली शाळा आणि श्रद्धेचे कुंपण

सन २००० मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत पहिले तिन्ही क्रमांक घरीच शिकणाऱ्या मुलांनी पटकावले. विजेता होता भारतीय वंशाचा अवघ्या बारा वर्षांचा मुलगा. 'होमस्कूलिंग'च्या पुरस्कर्त्यांना याहून बोलका पुरावा कोणता हवा होता? गच्च भरलेल्या तुकड्या, शिकवण्या आणि दप्तराचे ओझे यांना विटलेल्या आपल्याकडच्या पालकांनाही अशा बातम्यांचे अप्रूप वाटते. मात्र अमेरिकेत ही चळवळ ज्या बळावर फोफावली, त्यात शिक्षणाच्या तळमळीबरोबरच ख्रिस्ती मूलतत्त्ववादाचाही मोठा वाटा होता. व्यासपीठापर्यंत पोहोचणारी मुले जगाला दिसतात. जी पोहोचत नाहीत, त्यांचे काय होते हे पाहण्याची सोय मात्र अनेक राज्यांनी ठेवलेलीच नाही.

वस्तुतः आधुनिक गृहशिक्षणाचा एक मोठा प्रवाह धार्मिक नव्हता. शाळा मुलांचे कुतूहल मारते, असे मानणारे शिक्षणचिंतक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केले. पण दुसरीकडे वेगळाच असंतोष साचत होता. सरकारी शाळांतील अधिकृत प्रार्थना आणि बायबलवाचन सर्वोच्च न्यायालयाने १९६२ व १९६३ मध्ये घटनाबाह्य ठरविले होते. उत्क्रांतिवादाच्या जोडीला 'सृष्टिनिर्मितीचे विज्ञान' शिकविण्याची सक्ती करणारा लुइझियानाचा कायदाही १९८७ मध्ये रद्द झाला. शाळेतून देवच हद्दपार झाला, अशी भावना कर्मठ प्रोटेस्टंट कुटुंबांत बळावली. बायबलमधील नियमशास्त्रावर समाजाची उभारणी व्हावी, असे सांगणारे आर. जे. रशडूनी न्यायालयांत अशा पालकांच्या बाजूने साक्ष देत. १९८३ मध्ये मायकेल फॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन' स्थापन केली आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले.

शिक्षण खात्याच्या पाहणीनुसार घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या १९९९ मधील साडेआठ लाखांवरून २००७ मध्ये पंधरा लाखांवर गेली. त्या वर्षी ३६ टक्के पालकांनी धार्मिक वा नैतिक शिक्षण हेच सर्वांत महत्त्वाचे कारण सांगितले. चळवळीची उद्दिष्टेही घरापुरती मर्यादित नव्हती. फॅरिस यांनी २००० मध्ये व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री कॉलेज काढले. जेमतेम अडीचशे विद्यार्थ्यांच्या या महाविद्यालयातील सात जण २००४ मध्ये व्हाइट हाउसच्या सुमारे शंभर प्रशिक्षणार्थींत होते.

या घरांत शिकवले काय जाते? सरसकट उत्तर देणे अन्यायाचे ठरेल. श्रद्धाळू घरांतूनही उत्तम गणिती आणि संगीतकार घडले आहेत. तथापि 'अबेका' आणि बॉब जोन्स विद्यापीठ यांसारख्या प्रकाशकांच्या पाठ्यपुस्तकांत जीवशास्त्राचा पायाच बायबलच्या शब्दशः सत्यतेवर रचलेला असतो. पृथ्वी काही हजार वर्षांपूर्वी सहा दिवसांत निर्माण झाली हे गृहीत धरायचे आणि त्याच्याशी न जुळणारा निष्कर्ष चुकीचा मानायचा, अशी ही रीत आहे. उत्तर आधीच ठरलेले असेल, तर प्रयोग करायचा कशासाठी? विज्ञानाची शिस्त येथेच संपते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशासाठी अशा पुस्तकांवर आधारलेले काही अभ्यासक्रम नाकारले, तेव्हा ख्रिस्ती शाळांच्या संघटनेने दावा लावला. २००८ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला आणि २०१० मध्ये अपिलातही तो कायम राहिला.

मुलींच्या बाबतीत हे कुंपण अधिक उंच होते. विवाहापर्यंत मुलीने पित्याच्या छत्राखाली राहावे, महाविद्यालयाऐवजी गृहकृत्ये शिकावीत, अशी शिकवण चळवळीतील एका गटाने रुजविली. या टोकाच्या पितृसत्ताक विचाराने कुटुंबांचे नुकसान केल्याची टीका २०१४ मध्ये खुद्द फॅरिस यांनीच जाहीरपणे केली. चळवळीच्या अध्वर्यूलाच हे सांगावे लागले, यावरून दुखणे किती खोल गेले होते याची कल्पना येते.

समर्थकांचा हुकमी एक्का म्हणजे परीक्षांतील गुण. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस हजारांहून अधिक गृहशिक्षित मुलांचे गुण राष्ट्रीय सरासरीपेक्षा बरेच वर आढळले. परंतु त्यात होती ती बॉब जोन्स विद्यापीठाच्या परीक्षासेवेकडे स्वतःहून आलेली कुटुंबे. ती सरासरी अमेरिकी कुटुंबांपेक्षा सुशिक्षित आणि सुस्थित होती. यावरून गृहशिक्षण शाळेपेक्षा श्रेष्ठ ठरत नाही, असा इशारा संशोधकाने स्वतःच दिला होता. प्रचारात गुण राहिले, इशारा गळाला. ज्या घरात मुलाला कोणतीच परीक्षा दिली जात नाही, ते अशा आकडेवारीत येणार तरी कसे?

टेक्सास किंवा ओक्लाहोमा राज्यात मूल घरी शिकत असल्याची सूचनाही पालकांना कोणाला द्यावी लागत नाही. याचे परिणाम केवळ अभ्यासापुरते नसतात. कनेक्टिकटच्या बालहक्क कार्यालयाने २०१८ मध्ये सहा शालेय जिल्ह्यांची पाहणी केली. गृहशिक्षणासाठी शाळेतून काढलेल्या मुलांपैकी ३६ टक्के मुलांच्या कुटुंबांविषयी बालसंरक्षण यंत्रणेकडे आधीच किमान एक तक्रार दाखल झालेली होती. तक्रार म्हणजे गुन्हा नव्हे, हे खरे. पण मुलाच्या अंगावरचा वळ प्रथम दिसतो तो बहुधा शिक्षकालाच.

म्हणून अशा घरांत वाढलेल्यांचेच म्हणणे आता महत्त्वाचे ठरते. २०१३ मध्ये घरी शिकलेल्या तरुणांनी एकत्र येऊन 'कोअलिशन फॉर रिस्पॉन्सिबल होम एज्युकेशन' ही संस्था काढली. त्यांची मागणी बंदीची नाही. मुलाची नोंद व्हावी, त्याच्या प्रगतीची पडताळणी व्हावी आणि घराबाहेरचा एखादा जाणता माणूस त्याला भेटावा, इतकेच त्यांचे म्हणणे आहे.

जर्मनीने दुसरे टोक गाठले आहे. तेथे शाळेत जाणे सक्तीचे असून धार्मिक कारणासाठीही सहसा सूट मिळत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये या भूमिकेला आक्षेपार्ह मानले नाही. परंतु सरकारच्याच हाती सारे सोपविण्याचे धोकेही जर्मनीच्या इतिहासाने दाखविले आहेत. अमेरिकी पालकाची राज्यसत्तेविषयीची भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

हा तिढा अमेरिकी न्यायालयासमोर १९७२ मध्येच आला होता. आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या आमिश पालकांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र अंशतः मतभेद नोंदविला. उद्या या मुलाला पियानोवादक, अंतराळवीर वा सागरशास्त्रज्ञ व्हावेसे वाटले तर? ज्याचे सारे भवितव्य ठरणार आहे, त्याला कोणी विचारले आहे का, असा त्यांचा प्रश्न होता. मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण त्याला मंजुरी आजवर दिलेली नाही. तिला विरोध करणाऱ्यांत गृहशिक्षणाच्या संघटना आघाडीवर राहिल्या.

करोनाच्या साथीनंतर गृहशिक्षणाकडे वळलेल्या कुटुंबांचे स्वरूप पालटले आहे. शाळेतील हिंसा, वंशभेद किंवा मुलाच्या विशेष गरजा ही कारणे आता पुढे आली आहेत. त्यामुळे प्रत्येक गृहशिक्षकाकडे संशयाने पाहणे चुकीचेच ठरेल. तरीही देखरेखीला विरोध करून मिळविलेल्या जुन्या सवलती नव्या मुलांनाही लागू आहेत. आपली श्रद्धा मुलांना द्यावी, हा पालकांचा अधिकार निर्विवाद आहे. ती तपासून पाहण्याचे, प्रसंगी नाकारण्याचे साधनही मुलाच्या हाती असले पाहिजे. त्या साधनाचे नाव शिक्षण.